लिहा साहेब, इंजिन बदललं

मी एक जीप आहे. भंगार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहिलं की माणसाच्या तोंडून पहिला शब्द तोच निघतो आणि मग पुढचं कोणी ऐकून घेत नाही.

मुक्काम सिहोरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. बपेऱ्याच्या रस्त्याला लागलात की उजव्या हाताला निळं फाटक दिसेल. त्यातून माझं नाक बाहेर आलेलं असतं. मी पुरती आत मावत नाही आणि मला तसंच आवडतं. येणारा-जाणारा दिसतो. कोणाची सून रुसून माहेरी निघाली, कोणाच्या पिशवीतून मासोळीचं शेपूट डोकावतंय, सगळं मला ठाऊक असतं. आता मी कोणाला सांगत नाही, ती गोष्ट वेगळी.

माझा जन्म एकोणीसशे बहात्तरचा. राखाडी रंग, पोटात पेट्रोलचं इंजिन. एका सरकारी खात्यानं मला घेतलं आणि चालवायला डोमा नावाचा तीस वर्षांचा ड्रायव्हर दिला. उंच, सावळा, कमी बोलणारा माणूस. आमचा जिल्हा तेव्हा केवढा! पवनीपासून थेट सालेकसा-देवरीपर्यंत सगळा भंडाराच. साहेब येत-जात राहिले. दौऱ्यावर निघताना प्रत्येक साहेब म्हणायचा, "डोमा, सावकाश घे." घरी परतताना तोच साहेब म्हणायचा, "डोमा, जरा दाब की." माणसाची जात सगळी इथून तिथून सारखीच.

मग नव्याण्णव साली जिल्ह्याचे दोन झाले. भंडाऱ्यातून गोंदिया निघाला आणि आमच्या ऑफिसातही भाऊ-वाटणी सुरू झाली. कपाटं वाटली, टेबलं वाटली, पंखेसुद्धा वाटले. माझ्यापुढे वही धरून दोन बाबू उभे राहिले.

"हे तुमी न्या."

"नाई बाप्पा, आमच्याजवळ जागा नाई. तुमीच ठेवा."

सत्तावीस वर्षं ज्यांना चिखलातून काढलं, त्यांना मी फुकटातही नको होते. शेवटी वहीत माझ्या नावापुढे एक शब्द पडला, 'निर्लेखित'. म्हणजे लिहिण्यातून काढून टाकलेली. पुढच्या वर्षी लिलाव झाला आणि त्याच साली रिटायर झालेल्या डोमानं मला घेतलं.

त्याची बायको मंगलाबाई फाटकात कमरेवर हात ठेवून उभी.

"अजी, लोक रिटायर झाल्यावर घर बांधतेत. तुमी दारात भंगार आणून उभं केलं!"

"सरकारनं मले अठ्ठावीस वर्ष हिच्यात बसवलं," डोमा म्हणाला. "आता मी हिले माह्या अंगणात बसवतो."

पण बसवलं कुठं? उन्हाळ्यात गावचा तलाव आटला की त्या भेगाळलेल्या तळात तो आपल्या मुलीला, रत्नमालाला, गाडी शिकवायचा. क्लच सोडताना ती मला असे हिसके द्यायची की दात असते तर पडले असते. डोमा मात्र ओरडला नाही. एवढंच म्हणायचा, "पळवाले कोणीबी पळवते. थांबून दाखव."

दोन हजार सात साली डोमा गेला. मी मंगलाबाईच्या नावावर झाले आणि अंगणातच राहिले. दोन पावसाळ्यांत इंजिन जाम झालं. मग माझे दिवस कसे गेले ते सांगू? बोनेटवर शेजारच्या लीलाबाईच्या वड्या वाळल्या. स्टिअरिंगला लसणाच्या माळा लटकल्या. ड्रायव्हरच्या सीटवर एक तांबडी कोंबडी रोज अंडं घालायला बसू लागली.

लीलाबाई कुंपणावरून ओरडली, "का वो मंगलाबाई, गाडीले ड्रायव्हर भेटला वाटते!"

"भेटला," मंगलाबाई म्हणाली, "पगारबी नाई मांगत. उलटं रोज एक अंडं देते."

हसा, हसा. मीही आतल्या आत हसत होते. भंगारवाला तीनदा फाटकापर्यंत आला आणि तिन्ही वेळा मंगलाबाईनं "उद्या ये" म्हणून त्याला परत पाठवला. तोंडानं ती मला काहीही म्हणू दे, उद्या काही उजाडला नाही.

रत्नमाला शिक्षिका झाली. शाळा मिळाली बपेऱ्याकडची, अगदी मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ. बसची वेळ आणि शाळेची वेळ यांचं जन्मात जमलं नाही. एक दिवस तिनं कोंबडीला उठवलं, सीट झाडली आणि तुलाराम मिस्त्रीला बोलावलं.

तुलाराम जातीनं ढीवर. बापजादे वैनगंगेत जाळं टाकणारे, हा मात्र लहानपणीच ग्रीसमध्ये पडला. डोमाचा जुना दोस्त. त्यानं माझं बोनेट उघडलं, आत कान लावला आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"पेट्रोलचं इंजिन मेलं, रत्ना. पण बालाघाटकडं एक डिझेल जीप उलटली होती. याच कंपनीची. तिची नोंदणी रद्द झाली, पण इंजिन ठणठणीत हाय. बसवून टाकू."

"बसते का काका?"

"बसत नसन तं बसवीन."

आणि बसवलं. माझ्या पोटात नवं काळीज आलं. पहिल्या सेल्फला मी अशी गरजले की लीलाबाईच्या वड्यांवरचे कावळे उडाले. चाळीस वर्षांची म्हातारी मी, पण अंगात विशीचं वारं. गाव बघायला लोटलं. कोणी विचारलं, किती पळते? कोणी विचारलं, ॲव्हरेज काय? थांबते का, हे मात्र कोणीच विचारलं नाही.

आणि आणखी एक गोष्ट झाली. तिच्यामुळेच पुढचं रामायण. जुन्या इंजिनावर एक पितळेची बोटभर पट्टी होती, तिच्यावर इंजिनचा नंबर. तुलारामनं ती हलक्या हातानं काढली, चिंचेनं घासून चकचकीत केली आणि नव्या इंजिनावर एक सपाट जागा पाहून रिबीट मारून बसवली. मारताना पुटपुटला, "घे माय, तुही वळख तुह्यापाशी." त्यांच्या घरात अशी रीत होती. जुना डोंगा, म्हणजे होडी, कुजला की त्याची एक फळी काढून नव्या डोंग्याला ठोकायची, म्हणजे पाणी त्याला ओळखतं. त्यानं तेच केलं, मायेनं केलं. पण सपाट जागा नेमकी तीच होती जिथं नव्या इंजिनचा नंबर कोरलेला होता. तो पट्टीखाली झाकला गेला. आणि हे त्यानं कोणाला सांगितलंही नाही, कारण आपण काही सांगण्यासारखं केलं असं त्याला वाटलंच नव्हतं.

महिनाभर मी तोऱ्यात पळाले. मग एका सकाळी नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलावरून उतरताना समोर शेळ्यांचा कळप आला. रत्नमालानं ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दिला. मी थांबले नाही. मी थांबायचा जीव तोडून प्रयत्न केला, खोटं सांगत नाही. पण ओढणारं काळीज नवं आणि धरणारे हात बहात्तरचे! तिनं मला रस्त्याखाली धानाच्या बांधीत घातलं. रोवणा नुकताच झालेला. चिखलात मी मांडीपर्यंत रुतले, म्हणून शेळ्या वाचल्या.

शेळ्यावाला आला, मला पाहिलं, तिला पाहिलं.

"मॅडम, पोरायले तं शिकवता, 'थांबा, पाहा, मग जा.' हिले शिकवलं नाई का?"

रत्नमाला हसली नाही. त्या रात्री ती जेवलीही नाही, असं मंगलाबाई दुसऱ्या दिवशी लीलाबाईला सांगत होती. आठ दिवसांत तुलारामनं त्या उलटलेल्या जीपचे मोठे ब्रेक, बूस्टर आणि स्टिअरिंगचा डबा माझ्या अंगावर चढवला. पाट्यांच्या स्प्रिंगाही बदलल्या. माझ्या नोंदणीची मुदत संपत आली होती. रत्नमाला म्हणाली, "काका, आता सगळं दाखवून, लिहून घेऊन येतो. चोरून चालवायची गाडी नाई हे."

तर आम्ही भंडाऱ्याच्या आरटीओत गेलो. साहेब चष्मा कपाळावर ठेवणारे, शांत गृहस्थ. चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासली, माझा नंबर कागदावर उमटला, नोंदणीच्या पुस्तकाशी जुळला. इंजिनवरची पट्टीही पुस्तकाशी जुळली. मी मनात म्हटलं, सुटले.

साहेब पुटपुटले, "नंबर पेट्रोलचा, आणि इंजिन डिझेलचं. असं कसं?"

त्यांनी पट्टीच्या कडेला पेचकस घातला. पट्टी टुचकन उडाली आणि खालून दुसराच नंबर वर बघायला लागला.

"मॅडम, ही पट्टी कोणी लावली?"

रत्नमाला इंजिनवर वाकून पाहू लागली. तिला खरंच माहीत नव्हतं. तिनं अर्ज पुढे केला, इंजिन बदलल्याचं मी स्वतःच लिहून आणलंय म्हणाली. साहेबांनी वाचलं.

"बदललं हे लिहिलंत. पण परवानगी आधी घ्यायची असते. ती चूक मी दंडावर सोडवली असती. नंबर झाकणं मात्र वेगळी गोष्ट आहे. चोरीच्या गाड्यांना असंच करतात. सात दिवसांत लेखी खुलासा आणा. तोवर गाडी इथंच राहील. खुलासा पटला नाही तर प्रकरण पोलिसांकडे जाईल, आणि गाडी मोडीत."

मी चोर! ज्या गावच्या रस्त्यांवर मी साहेबांना फिरवलं, त्याच गावात मला जप्तीच्या गाड्यांच्या ओळीत उभं केलं. शेजारी एक चुरगळलेली मोटारसायकल, पलीकडे काच नसलेला टेम्पो. मी मान खाली घातली नाही. घालताच येत नाही म्हणा, माझं नाक मुळातच वर आहे.

दुसऱ्या दिवशी तिघंही आले. रत्नमाला, तुलाराम आणि मालकीण म्हणून सही करायला मंगलाबाई. तुलारामनं रस्त्यातच सगळं कबूल केलं होतं. तो माझ्याजवळ आला आणि बोनेटवर हात ठेवून उभा राहिला.

"मले वाटलं, वळख राहीन. मी का नंबर झाकाले लावली का गा पट्टी?"

फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर कागदपत्रं भरून देणारा ईश्वर नावाचा माणूस बसायचा. बगलेत फायली, कानावर पेन. त्याच्या नाकाला दुसऱ्याच्या अडचणीचा वास लगेच लागायचा. तो आला, सगळं ऐकलं आणि तिथल्या तिथं एक कागद लिहून तयारही केला.

"एकदम सोपं हाय, मावशी. लिवा का इंजिन बदलल्याचं मिस्त्रीनं सांगितलं, पण पट्टी त्यानं आपल्या मनानं, नंबर लपवासाठी लावली. आमाले काई मालूम नोतं. गाडी सुटली."

"अन् मिस्त्री?" रत्नमालानं विचारलं.

"त्याचं तो पाहीन. दोन-चार तारखा होतीन. तुमी काहून जीव जाळून राहिल्या? त्याच्या नावानं तशीबी कोणती इस्टेट हाय?"

तुलाराम खाली बघत होता. मग म्हणाला, "मारा सही, वैनी. खोटं तं नाई. पट्टी मीच लावली. डोमाची गाडी मोडीत नाई गेली पायजे. माहं काय, मी झालो म्हतारा."

मंगलाबाईनं पेन हातात घेतलं. मी तुम्हाला सांगते, चाळीस वर्षांत माझं रेडिएटर असं कधी थंड पडलं नव्हतं. मला सुटायचं होतं. कोणाला नसतं? पण त्या म्हाताऱ्याच्या मानेवर चाक ठेवून? नाही. मला बोलता आलं असतं तर तिथंच हॉर्न दाबला असता.

मंगलाबाईनं कागद वाचला. बोट ठेवून, हळूहळू. 'नंबर लपवासाठी' या शब्दांवर बोट थांबलं.

"हे खरं नाई," ती म्हणाली.

"मावशी, कागदावर सारंच खरं लिवत नाई कोणी."

"मग ऐक," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटकाबाहेर टपरीपर्यंत गेला. "माह्या नवऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावर जुना धर्म लिवला होता. नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा झाली तवा तो चौदा वर्साचा. मोठा झाल्यावर बदलून मांगाले गेला तं बाबू म्हणे, राहू दे ना जुनंच, कोणाले काय समजते, त्यातच सवलतीचा फायदा हाय. तीन वर्स चकरा मारल्या त्यानं. गॅझेटात छापून आणलं. बाबूले म्हणे, बदललो तं बदललो म्हणून लिवा. लपवून नाई बदललो मी." तिनं ईश्वरचा कागद त्याच्याच फायलीत खोचला. "त्याची गाडी खोट्या कागदावर नाई सुटाची. नाई सुटली तं नाई सुटली. मोडीत जाईन, पण मान वर करून जाईन."

बघा, हीच बाई बरं का. हीच मला भंगार म्हणायची.

ईश्वर म्हणाला, "जमाना बदलला, मावशी."

"तं तेबी लिवून ठेव," मंगलाबाई म्हणाली.

रत्नमाला माझ्याच बोनेटवर कागद ठेवून लिहायला बसली. शाळेतल्या अक्षरात, गोल गोल. इंजिन कुठून आणलं, ते कोणत्या जीपचं, तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद सोबत जोडला. परवानगी आधी घेतली नाही, ही आमची चूक. ब्रेक आधी बदलले नाहीत, ही त्याहून मोठी चूक. नहरावर काय झालं तेही लिहिलं. तुलाराम म्हणाला, "शेळ्यायचं कायले लिवतं पोरी? ते तं कोणाले मालूमच नाई." ती म्हणाली, "मले मालूम हाय ना." शेवटी डोंग्याच्या फळीची गोष्टही लिहिली. मंगलाबाईनं सही केली.

साहेबांनी चार पानं उभ्यानं वाचली. कपाळावरचा चष्मा खाली आला.

"मिस्त्री, हे डोंग्याचं काय लिहिलंय?"

तुलारामनं सांगितलं. सांगताना हातानं फळी ठोकून दाखवली. साहेब हसले नाहीत.

"तुमचं पाणी फळी ओळखत असेल, बाबा. कायदा नंबर ओळखतो. उद्या हिचा अपघात झाला, ही चोरीला गेली, तर आम्ही काय शोधायचं? तुमच्या मायेनं ही बेवारस झाली असती." मग रत्नमालाकडे वळून म्हणाले, "इंजिन बदलूच नका, असं नियम म्हणत नाही. विचारून बदला, आणि बदललं ते लिहून घ्या, एवढंच. आणि जेवढं पळवता तेवढं थांबवताही आलं पाहिजे. चला, बसा गाडीत."

ते स्वतः शेजारी बसले. मागच्या मोकळ्या मैदानात चुन्याची रेघ होती. रत्नमालानं मला पळवलं, नव्या काळजाच्या पुऱ्या जोरानं. रेघेजवळ साहेब म्हणाले, "आता!"

मी थांबले. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, सरळ, जागच्या जागी. साहेबांच्या खिशातलं पेन उडून माझ्या पायाशी पडलं. पुन्हा पळवलं, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदाही थांबले. वाटलं, अजून दहा रेघा मारा साहेब, मी आज कुठेही जाणार नाही.

तरी लगेच काही सुटले नाही. बालाघाटहून त्या इंजिनच्या कागदाची खात्री यायला महिना लागला. ऊन, वारा, शेजारचा टेम्पो मोडीत जाताना झालेला कडकडाट, सगळं सोसलं. तुलाराम दर मंगळवारी बसनं येऊन फाटकातून मला बघून जायचा. आत यायचा नाही. आपलं नाव पोलिसांत जाईल की काय, ही धास्ती त्याच्या चालण्यात दिसायची.

खात्री आली. चूक पोलिसांपर्यंत गेली नाही, दंडावर भागली. साहेबांनी पुस्तक उघडलं आणि लिहिलं: इंजिन बदलले. नवा नंबर. इंधन डिझेल. मग एक कोरा कागद तुलारामपुढे सरकवला. "काम तुम्ही केलंत ना? मग तसं लिहून द्या. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग बसवणारा कोण, ते नावानिशी. फाईलला लागतं."

तुलारामनं आयुष्यात शेकडो गाड्या उभ्या केल्या. कुठल्याच कागदावर त्याचं नाव नव्हतं. त्यानं हात पँटीला पुसले, दोनदा पुसले, आणि पाटीवर गिरवावं तसं आपलं नाव लिहिलं. मग भीतभीत विचारलं, "साहेब, ते पट्टी भेटन का?"

"नाही. ती फाईलमध्ये राहील."

"राहू द्या," तुलाराम म्हणाला. "तठी माहं नाव हाय संगं."

तर आज मी अशी आहे. रोज बपेऱ्याला जाते, संध्याकाळी परत येते. नागपूरचा एक शौकीन मध्ये येऊन गेला. म्हणाला, जुनं इंजिन शोधून बसवतो, होती तश्शी करतो, प्रदर्शनात ठेवतो. मंगलाबाईनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मला होती तश्शी व्हायचंच नाही. मी बदललेली आहे, आणि ते सरकारी शाईनं लिहिलेलं आहे.

तुमच्या अंगणातही एखादी म्हातारी गाडी असेल. तिला नवं काळीज द्यायचं तर द्या, बिनधास्त द्या. पण आधी जाऊन विचारा, जोरासोबत ब्रेकही द्या, आणि जे केलं ते लपवू नका. दर पाच वर्षांनी मला पुन्हा त्या रेघेवर जायचं आहे. जाईन. ज्या दिवशी थांबता येणार नाही, त्या दिवशी मला खुशाल नापास करा, दयामाया दाखवू नका. पण तोवर कोणाला मला भंगार म्हणायचंच असेल, तर पाठीमागून म्हणू नका. पुढे या, रस्त्याच्या मधोमध उभे राहा आणि तोंडावर म्हणा.

घाबरू नका. मी थांबेन.